अर्धी सिस्टर

माझ्या आत्याला गाव ‘अर्धी सिस्टर’ म्हणायचं. कुणी प्रेमानं म्हणायचं, कुणी खवचटपणे, आणि ती दोघांनाही सारखीच ओ द्यायची. सिस्टरांच्या शाळेत तिनं पंचेचाळीस वर्षं बालवर्ग शिकवला. पण ती सिस्टर नव्हती, कारण तिनं व्रत घेतलं नव्हतं. आणि शिक्षिकाही नव्हती, कारण तिच्याकडे प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र नव्हतं. शाळेच्या कागदांत ती पहिल्या दिवशी ‘मदतनीस’ होती आणि शेवटच्या दिवशीही ‘मदतनीस’च होती.

मी शिक्षिका आहे, प्रमाणपत्रासकट. मला अक्षरं आत्यानंच शिकवली. ही गोष्ट मी रागावून सांगते आहे आणि तो राग लपवायचा माझा विचार नाही. पण आधी ज्याचं श्रेय त्याला देते, नाहीतर म्हणाल की हिला सिस्टरांचं काही चांगलं दिसतच नाही.

पन्नास वर्षांपूर्वी तीन सिस्टर गावात आल्या. सोबत दोन ट्रंका, एक शिवणयंत्र आणि एक हातातली पितळी घंटा. गावाच्या टोकाला एक पडीक गोदाम होतं, त्याला गोणपाटाचा आणि उंदरांचा वास यायचा. ते त्यांनी आठ दिवस घासलं आणि तिथंच राहायला लागल्या. गावातली मुलं शाळेसाठी दुसऱ्या गावी चालत जायची, मुली घरीच. सिस्टर दारोदार फिरल्या तेव्हा बायाबापड्या तोंडावर गोड बोलल्या आणि पाठ वळल्यावर म्हणाल्या, “ज्यांनी स्वतः संसार केला नाही, त्या आमच्या पोरींना काय शिकवणार?”

थोरल्या सिस्टर हुशार होत्या. त्यांनी शाळेचं नावच काढलं नाही. शिवणाचा वर्ग काढला. शिवण म्हटल्यावर आयांनी पोरी पाठवल्या. पहिला आठवडा नुसती धावदोऱ्याची ओळ. दुसऱ्या आठवड्यात सिस्टर म्हणाल्या, आता रुमालावर आपापलं नाव भरा. नाव भरायचं म्हणजे ते आधी लिहिता यायला हवं, म्हणून रुमालावर पेन्सिलीनं अक्षर काढायचं आणि त्यावर टाके घालायचे. नावानंतर आईचं नाव, मग उशीच्या अभ्र्यावर एखादं वाक्य. वर्षभरात तीसेक पोरी वाचायला लागल्या आणि सिस्टरनी गावाला ताकास तूर लागू दिली नाही. हे काम कुणी येरागबाळ्यानं केलेलं नाही, हे मी कबूल करते.

अडचण एकच होती. पोरी येताना धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन यायच्या. ती रडायची, दोरे ओढायची, एकदा एकानं सुई तोंडात घातली. त्यांना मागच्या खोलीत सांभाळायला कुणीतरी हवं होतं. माझी आत्या तेव्हा पंधरा वर्षांची. तिला लिहिता-वाचता यायचं, कारण माझे आजोबा, ज्यांना घरात सगळे आप्पा म्हणायचे, सुतार होते आणि फळ्यांवर मापं लिहिता लिहिता त्यांनी पोरीलाही शिकवलं होतं. सिस्टरनी तिच्या हवाली चौदा पोरं केली. तीन आठवड्यांनी डोकावून बघतात तर पोरं जमिनीवर फुटकी बटणं मांडून अक्षरं करत होती. त्या दिवशी बालवर्ग सुरू झाला. शाळेच्या इतिहासात ही तारीख आहे, बटणं नाहीत.

बाक आप्पांनी केले. त्यांनी एकेका पोराला भिंतीशी उभं करून जमिनीपासून गुडघ्यापर्यंतचं माप घेतलं आणि तीन उंचींचे बाक बनवले, म्हणजे कुणाचे पाय लोंबकळू नयेत. “पाय टेकले की डोकं चालतं,” असं ते म्हणायचे. लेकीच्या वर्गाचा त्यांना केवढा अभिमान! गावात कुणाचीही कपाटं करायला गेले तरी गोष्ट तिथंच यायची.

चौथ्या वर्षी शाळेला मान्यता मिळायची चिन्हं दिसू लागली. सिस्टरांच्याच संस्थेचं एक अध्यापिका विद्यालय शहरात होतं. तिथं दर वर्षी खेड्यातल्या एका मुलीला राहण्या-जेवणासकट जागा मिळायची. दोन वर्षांचा अभ्यास, मग प्रमाणपत्र, मग रीतसर शिक्षिका. थोरल्या सिस्टरनी आत्याचं नाव पाठवलं. आत्या एकोणीस वर्षांची होती. तिनं ट्रंक उधार आणून ठेवली, दोन महिने रोज ती उघडून पुसली. रोज विचारायची, “सिस्टर, पत्र आलं का?”

एक दिवस ती ऑफिसच्या दिशेनं जात असताना आप्पा हत्यारांची पिशवी घेऊन तिथून बाहेर पडताना दिसले. आत गेली, तर सिस्टर खाली बघून काहीतरी लिहीत होत्या.

“सिस्टर, पत्र?”

“पत्र येऊन काय उपयोग?” सिस्टर म्हणाल्या. “तुझ्या घरच्यांची तयारी नाही. तुझे वडील आत्ताच सांगून गेले.”

आत्या तडक घरी आली. माझे बाबा, म्हणजे तिचा मोठा भाऊ, तिथंच होते. त्यांच्याकडूनच मला हे कळलं.

“आप्पा, तुम्ही सिस्टरना काय सांगितलंत?”

“खिडकीचं दार फुगलंय, रंधा मारावा लागेल म्हटलं. दुसरं काय सांगणार?”

“माझ्या शिकण्याचं?”

“त्याचं मला कुणी विचारलंच नाही.”

“मग सिस्टर खोटं बोलल्या?”

“ते मला माहीत नाही,” आप्पा म्हणाले. “मी बोललो नाही, एवढं मला माहीत आहे.”

“सिस्टर खोटं बोलत नाहीत,” आत्या म्हणाली. झालं. तिच्यापुरता निकाल लागला.

दुसऱ्या दिवशी आप्पा कॉन्व्हेंटच्या दाराशी गेले. सिस्टर प्रार्थनेत आहेत, असं कळलं. तिसऱ्या दिवशीही प्रार्थना. चौथ्या दिवशी ते गेले नाहीत. बाबांनी खूप समजावलं, तर म्हणाले, “माझ्या पोरीला माझा शब्द पुरत नसेल, तर दुसऱ्याचा आणून काय करू?” तेही काही कमी हट्टी नव्हते. आमच्या घरात हट्ट रक्तातूनच येतो.

आत्या आप्पांशी बोलायची बंद झाली. एक दिवस नाही, एक महिना नाही. अकरा वर्षं. एकाच घरात, एकाच चुलीवरचं खात. मी जन्मले, बोलायला लागले, आणि त्या दोघांमधला टपाल्या झाले. “आप्पांना सांग, पाणी तापलंय.” आप्पा दोन हातांच्या अंतरावर बसलेले असायचे. मी त्यांना सांगायची. “तिला सांग, ऐकलं.” मी वळून तेही सांगायची. मला वाटायचं हा खेळ आहे आणि यात मीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

गावातही बभ्रा झाला होता. पोरीच्या पायात बेडी घातलेला बाप, असं लोक आप्पांना म्हणायचे. लोकांना काय, हलवायला जीभ तेवढी लागते. तरी आप्पा शाळेतले बाक दुरुस्त करायला जात राहिले. ते वर्गात शिरले की आत्या पोरांना घेऊन अंगणात जायची. मी तिच्या वर्गात असताना एकदा आप्पांनी माझ्या बाकाखाली लाकडाची चकती ठोकली आणि विचारलं, “टेकतात का पाय आता?” खिडकीतून आत्या बघत होती. मी हात हलवला तशी ती वळून दुसरीकडे गेली.

मी सात वर्षांची असताना आप्पा गेले. शेवटचे चार दिवस अंथरुणावर होते. आत्यानं त्यांना चमच्यानं पाणी पाजलं, अंग पुसलं, चादर बदलली. तोंडातून शब्द काढला नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही. मला आजही त्या गोष्टीचा संताप येतो, आणि तो आत्याचाच येतो.

थोरल्या सिस्टर त्याआधीच बदलून गेल्या होत्या. सिस्टरांचा नियमच तसा. पाच-सहा वर्षं झाली की बदली, सोबत एक पेटी, मागे वळून बघायचं नाही, जुन्या गावाला पत्रं लिहायची नाहीत. जीव अडकू नये म्हणून. जाणारी सिस्टर येणारीला एका दुपारी सगळं सोपवायची: किल्ल्या, हजेरीपट, शिवणयंत्रं, कोंबड्या किती, त्यातल्या अंड्यावर किती. यादी करून खाली दोघींच्या सह्या. आत्यानं अशा आठ मुख्य सिस्टर बघितल्या. प्रत्येक नवीला गाव तिनंच शिकवलं. कुणाच्या दारात कधी जायचं, कुणाचा नवरा पितो, कुठली पोर भुकेली येते. आणि प्रत्येकीनं पहिल्या महिन्यात विचारलं, “अगं, तू इतकं छान शिकवतेस, तुझं प्रशिक्षण कसं झालं नाही? मी बघते हं.” मग बदली. आश्वासन काही यादीत नसतं, कोंबड्या असतात.

तिसऱ्या सिस्टरनी मात्र खरंच अर्ज केला. उत्तर आलं की या मुलीच्या कुटुंबानं मंजूर झालेली जागा एकदा नाकारली आहे. नाकारलेली जागा पुन्हा देता येत नाही. आत्यानं ते वाचलं आणि आप्पांवरचा राग आणखी चार बोटं वर चढला. आप्पा तोवर मातीत गेले होते. तिनं दुसरीकडे शिकायला जावं म्हणून बाबा मागे लागले, पण वर्ग सोडून जायला ती तयार होईना. मग वयाची अट ओलांडली आणि विषयच मिटला.

शाळेनं पन्नास वर्षं पूर्ण केली तेव्हा आत्या पासष्टची होती, निवृत्त होऊन पाच वर्षं झालेली. गोदामाच्या जागी आता तीन मजले आहेत, लिफ्टसुद्धा आहे, बंद असते. स्मरणिका छापली. आठही मुख्य सिस्टरांना एकेक पान, फोटोसह. आत्या शेवटच्या पानावर, ‘स्वयंपाकी, माळी, शिपाई व इतर मदतनीस’ यांच्या आभारात. ‘इतर’मध्ये.

मी तडक मुख्य सिस्टरांकडे गेले. वयानं माझ्याहून लहान, टेबलावर चार फायली उघड्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“तुमचं म्हणणं मान्य आहे मला,” त्या म्हणाल्या. “पण छापील पुस्तकात शिक्षिका लिहिलं, तर तपासणीत विचारतील, प्रशिक्षण दाखवा. शाळा अडचणीत येईल.”

“पंचेचाळीस वर्षं विचारलं नाही कुणी, ते?”

“तेव्हा छापलं नव्हतं ना,” त्या म्हणाल्या. वाईट बाई नव्हे हो. खरंच तसं वाटत होतं त्यांना.

मी घरी येऊन आदळआपट केली. आत्या म्हणाली, “जाऊ दे गं. थोरल्या सिस्टर येणार आहेत कार्यक्रमाला. मी कोण ते त्यांना माहीत आहे. त्या सांगतील.” तिनं त्या दिवसासाठी कोरे कपडे शिवून घेतले. एकदा, फक्त एकदा, माईकवरून कुणीतरी तिला शिक्षिका म्हणावं, एवढीच तिची हाव होती. पासष्टाव्या वर्षी.

थोरल्या सिस्टर शहाऐंशी वर्षांच्या. वृद्ध सिस्टरांच्या आश्रमातून त्यांना गाडीनं आणलं होतं, चाकाच्या खुर्चीत बसवून. कार्यक्रम सुरू व्हायला अर्धा तास होता, तेव्हा त्यांनी आत्याला बालवर्गात बोलावून घेतलं. मी आत्याबरोबर गेले.

“ही कोण?”

“माझी भाची.”

“तिला जरा बाहेर—”

“ती थांबेल,” आत्या म्हणाली.

सिस्टरांचं डोकं लख्ख होतं. त्यांनी आडवळण घेतलं नाही. “गेल्या महिन्यात मी फादरांकडे एका जुन्या पापाची कबुली दिली,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं मला ते पाप वाटलंच नव्हतं. शाळेसाठी केलं, असं वाटायचं. फादर म्हणाले, देवानं क्षमा केली, पण जिचं नुकसान केलंस तिच्याकडेही जा. म्हणून आले.”

आत्या उभीच होती.

“त्या वर्षी तुझं पत्र आलं होतं. जागा मंजूर झाली होती. पण वरून हुकूम होता, पट चाळीसच्या खाली गेला तर हे कॉन्व्हेंट बंद करा. माझ्याबरोबरची एक सिस्टर आजारी पडून गेलेली. तुझ्या वर्गात बावीस मुलं. तू गेलीस की ती घरी बसणार, आणि त्यांना सांभाळायला मोठ्या मुलीही घरी बसणार. शाळाच बुडाली असती. मी उलट कळवलं, घरच्यांची तयारी नाही म्हणून.”

मला वाटलं आत्या आता कोसळेल, नाहीतर ओरडेल. तिनं पत्राचं नावही काढलं नाही.

“आप्पा त्या दिवशी कशाला आले होते?”

“कोण आप्पा?”

“माझे वडील. सुतार. तुमच्या ऑफिसातून बाहेर पडले होते.”

सिस्टरनी आठवायचा प्रयत्न केला. “खिडकी होती बहुतेक. दार लागत नव्हतं.”

“माझ्याबद्दल काही बोलले नव्हते?”

“माझ्याशी? नाही गं. तू विचारायला आलीस आणि मला दुसरं काही सुचलं नाही. ते नुकतेच गेले होते, म्हणून त्यांचं नाव घेतलं.”

आत्यानं बाकाचा आधार घेतला. “मी त्यांच्याशी अकरा वर्षं बोलले नाही,” ती म्हणाली. “मरेपर्यंत.”

सिस्टरांचा चेहरा उतरला. हे त्यांना खरोखर माहीत नव्हतं. कसं असणार? मागे वळून बघायचं नाही, हाच तर नियम. त्यांनी दोन्ही हात जोडले. “मला क्षमा कर, बाळ.”

“बाहेर माईक आहे,” आत्या म्हणाली. “तिथं सांगा. सुतारानं नकार दिला नव्हता, एवढं एकच वाक्य. आप्पांना नावं ठेवणारी म्हातारी माणसं आज सगळी पुढच्या रांगेत बसलीत.” स्वतःचं तिनं काहीच मागितलं नाही. शिक्षिका म्हणा, हेही नाही.

सिस्टर म्हणाल्या, “त्यासाठी मला मुख्य सिस्टरांना विचारावं लागेल. आज्ञापालनाचं व्रत आहे माझं.”

माझा तोल सुटला. “खोटं बोलताना कुणाला विचारलं होतंत?” मी म्हणाले. आत्यानं माझा दंड धरला. “विचारू दे,” ती म्हणाली.

मुख्य सिस्टर आल्या, हातात कार्यक्रमपत्रिका. थोरल्या सिस्टरनी त्यांच्या कानाशी लागून सांगितलं. त्यांनी ऐकलं, आत्याकडे बघितलं, आणि हळूच म्हणाल्या, “आज नको, सिस्टर. आज आनंदाचा दिवस आहे, पाहुणे आलेत. आपण नंतर बघू.”

“बरं,” थोरल्या सिस्टर म्हणाल्या. शहाऐंशी वर्षांची बाई, चाळिशीतल्या बाईपुढे मान खाली घालून. मला दया यायला हवी होती. नाही आली.

मुख्य सिस्टर गेल्या. थोरल्या सिस्टरनी आत्याचा हात धरला. “तू तरी मला क्षमा केलीस असं म्हण. मला आता फार दिवस नाहीत.”

“मलाही विचारावं लागेल,” आत्या म्हणाली. “आणि ज्यांना विचारायचं, ते मेले.”

तिनं हात सोडवून घेतला. आम्ही फाटकातून बाहेर पडेपर्यंत माईक सुरू झाला होता. थोरल्या सिस्टर दोन मिनिटं बोलल्या, देवाची कृपा आणि गावकऱ्यांचं प्रेम. टाळ्या बऱ्याच झाल्या. आत्या न थांबता चालत राहिली.

घरी बाबा ओसरीवर वर्तमानपत्र घेऊन बसले होते. आत्या त्यांच्या समोर जमिनीवरच बसली, कोऱ्या कपड्यांसकट.

“दादा, आप्पा खरं बोलत होते.”

“हो,” बाबा म्हणाले.

“तुला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? आप्पा होते ते. नाही म्हणाले म्हणजे नाही.”

आत्याचे ओठ हलत होते. मी पाणी आणून ठेवलं, ते तिनं घेतलं नाही. मग तिनं मान वर केली, आणि तिच्या वर्गातली एखादी पोर उत्तर ऐकायला थांबते तसा चेहरा करून बाबांना विचारलं, “त्या शेवटच्या रात्री तू त्यांच्याजवळ बसला होतास. जाताना माझं काही बोलले का?”

बाबांना खोटं बोलता आलं असतं. मी त्यांच्याकडे बघून डोळ्यांनी तेच विनवत होते. एक शब्द, बाबा, काहीही सांगा. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

“नाही,” ते म्हणाले. “सगळ्यांची नावं घेतली. तुझं नाही घेतलं.”